मासिकाची पानं लावायला स्क्राइबस: फुकट आहे, पण मजकूर आधी फायनल करा

स्वतःचं अनियतकालिक काढायचं ठरलं की नाव काय ठेवायचं, पहिल्या अंकात कोणाकोणाचं घ्यायचं यावर तासन्‌तास काथ्याकूट होतो, पण पानं कशात लावायची हे कोणी विचारतच नाही. मग कोणीतरी वर्ड उघडतं आणि एक फोटो जरासा सरकवला की मागची सगळी पानं विस्कटतात. आम्ही त्या फंदात न पडता थेट स्क्राइबस घेतलं, अंक छापून हातात आलाय म्हणून आता लिहितोय.

पेज लेआउटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आवृत्ती मात्र बघून घ्या हं. जुन्या १.४ मध्ये देवनागरीची पार वाट लागायची, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं सुटी सुटी. १.५.३ पासून हे सुधारलं आणि २०२४ च्या जानेवारीत १.६ आलं, तेच किंवा त्यापुढचं घ्या. टाकल्या टाकल्या 'दुसऱ्या', 'सूक्ष्म', 'शार्दूल' असले शब्द टाइप करून बघायचे, लगेच कळतं.

फॉन्टवर वेळ घालवा, वाया जात नाही. मजकुराला आम्ही टिरो देवनागरी मराठी वापरला, ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, वाचताना डोळ्याला खुपत नाही. त्यात ठळक वजनच नाहीये, म्हणून मथळ्यांना 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट घेतला, त्यात बारीकपासून जाडपर्यंत ७ वजनं आहेत. दोन्ही फुकट. लेखकांनी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून पाठवलं असेल तर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, नाहीतर पानावर नुसता चिन्हांचा सडा पडतो.

आता मुद्द्याचं. इथे मजकूर फ्रेममध्ये, म्हणजे पानावर आखलेल्या चौकटीत बसतो, एक फ्रेम भरली की दुसरीला जोडायची, जागा संपली की फ्रेमच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात फुलीचा छोटा चौकोन दिसतो, म्हणजे शेवटच्या ओळी लपल्यात. स्टाइल (मथळा, मजकूर यांच्या अक्षरांचे ठरवून ठेवलेले साचे) नीट लावून ठेवल्या तर सगळ्या अंकाचा टाइप एका जागी बदलता येतो, पण शुद्धलेखन, काटछाट, संपादकांचे रुसवेफुगवे सगळं बाहेरच उरकून घ्या, पान लावल्यावर लेखकाने दोन परिच्छेद वाढवले की पुढची फ्रेम न्‌ फ्रेम परत बघत बसावी लागते. कॉलम दोनच ठेवा. तीन केले आणि दोन्ही कडा सरळ केल्या की आपल्या लांबलचक शब्दांमुळे ओळीत भोकं पडतात, फार वाईट दिसतं.

फोटो फाइलमध्ये साठत नाहीत, फक्त जोडलेले असतात. फोल्डर हलवला की गायब! दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तर 'कलेक्ट फॉर आउटपुट' करा, फोटो-फॉन्ट सगळं एकत्र गोळा होतं.

खरी मजा पीडीएफ काढताना. त्याआधी प्रीफ्लाइट तपासणी होते, लपलेला मजकूर, हरवलेला फोटो, कमी रिझोल्यूशन, सगळं पान क्रमांकासकट दाखवतं. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आहे, ब्लीड (कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर सोडलेली जादा पट्टी, ३ मिमी बहुतेकांना चालतं) आहे, पीडीएफ-एक्स (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) आहे, फक्त पीडीएफ-एक्ससाठी कलर मॅनेजमेंट (रंग सांभाळायची सेटिंग) आधी चालू करावं लागतं. मजकुराचा काळा निव्वळ काळ्या शाईचाच ठेवा, चार रंगांचा केला आणि छपाईची प्लेट केसभर हलली की बारीक अक्षरांना सावली येते. सेंटर पिन (अंकाच्या मधोमध पिना मारून बांधणी) करणार असाल तर पानं ४ च्या पटीत, आणि पीडीएफ सुट्या पानांची सरळ क्रमाने द्या, फर्म्याप्रमाणे (छपाईच्या मोठ्या कागदावरच्या क्रमाने) पानं लावायचं काम प्रेसवाल्याचं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. तळटीपांची धड सोय नाही, तेव्हा संशोधनपर, टीपांनी भरलेलं नियतकालिक असेल तर इकडे वळूच नका. इनडिझाइनची (अडोबीचं पानं लावायचं विकतचं सॉफ्टवेअर) मूळ फाइल उघडत नाही, तिथून आयडीएमएल (इनडिझाइनचाच दुसरा फाइल प्रकार) केली तर आत येते पण मांडणी हाताने सावरावी लागते. आणि दिसायला एकदम जुनाट आहे, बटणं कुठे काय लपलीत हे कळायलाच वेळ जातो.

कथा-कविता-लेख-मुलाखती असा साधा अंक, पानं लावायला एकच चिकाटीचा माणूस आणि प्रेसला पीडीएफ चालणार असेल तर बिनधास्त घ्या. प्रेसवाला ओपन फाइलच (पीडीएफ नव्हे, बदल करता येणारी मूळ फाइल) मागत असेल तर आधी त्याच्याशी बोलून घ्या, मगच डाउनलोड करा.