विरू की काकेर्दाया: यानिपेव्हच्या संध्याकाळी कोणत्या दलदलीत जावं?

जून सरत आला, एस्टोनियातला यानिपेव्ह हा उन्हाळी सण जवळ आला की राजधानी टॅलिनमधल्या आणि हेलसिंकीहून बोटीने येणाऱ्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. हाताशी एकच संध्याकाळ आहे, गाडी आहे, जंगल आणि दलदल दोन्ही बघायचंय. मग विरूला जावं की काकेर्दायाला? मी दोन्हीकडे गेलोय आणि दोन्हीकडे पुन्हा जाईन. तरी माझा कल एका बाजूला आहे, तो का ते सांगतो.

सोयीचं बघाल तर विरू. लाहेमा राष्ट्रीय उद्यानातली ही दलदल नार्वा हमरस्त्यापासून जवळ आहे, टॅलिनहून तासाभराच्या आत पोचता येतं. (लाहेमा 1971 सालचं, सगळ्या सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.) वाट साडेतीन किलोमीटरची, वळसा घालून गाडीपाशी परत यायचं तर सहाच्या आसपास. आधी पाइनचं जंगल, मग झाडं खुजी होत जातात आणि एकदम सगळं उघडं होतं. मधोमध मनोरा आहे. वर चढलं की काळीभोर डबकी आणि त्यांच्यामधली शेवाळाची बेटं पार क्षितिजापर्यंत दिसतात. मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत व्हीलचेअर आणि बाबागाडी जाते. आई-बाबा भारतातून आले असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. विरूलाच जा.

काकेर्दाया कोर्वेमाच्या जंगलात, टॅलिनच्या आग्नेयेला. तिकडे बस जात नाही आणि शेवटचा रस्ता खडीचा आहे. गाडी लावल्यावर बरंच अंतर दाट जंगलातून चालावं लागतं, आणि जूनमध्ये तिथले डास अंगावर तुटून पडतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. गवतातून जाऊन आल्यावर रात्री अंगावर गोचीड नाही ना, तेही नीट बघून घ्या. इथली गोचीड मेंदूज्वर पसरवते, म्हणून इथे राहणारे बरेच जण लस घेतात. उघड्या दलदलीवर मात्र वारा असतो आणि डास बऱ्यापैकी मागे राहतात. फळ्यांची वाट मग काकेर्दी तळ्यापाशी नेते. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर कोमट आणि हातभर खाली गार. पोहायला लोक विरूलाही उतरतात, पण इथे तळं मोठं आहे, मनसोक्त हात मारता येतात.

झाडाझुडपांच्या बाबतीत मी दोघांना सारखेच गुण देईन. कापूसगवताचे पांढरे गोंडे, क्रॅनबेरीच्या दोऱ्यासारख्या वेली, क्लाउडबेरी, आणि पाइनखाली सोकाइल नावाचं दलदलीतलं झुडूप. त्याचा वास इतका उग्र की उकाड्यात फार वेळ घेतला तर डोकं दुखतं, असं इथले लोक सांगतात.

आता माझा निर्णय जिच्यामुळे झाला ती गोष्ट. दोन्हीकडे चालायचं ते फळ्यांवरून, आणि बऱ्याच ठिकाणी वाट दोन फळ्यांचीच. समोरून कोणी आलं की एकाने कडेला अंग चोरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने जायचं. खाली उतरायचं नाही, कारण पायाखालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं आणि शेवाळावर पडलेलं पाऊल वर्षानुवर्षं तसंच राहतं. गर्दी नसेल तर याचं काही वाटत नाही. पण विरू टॅलिनहून जवळ, सगळ्यांना ठाऊक, आणि सूर्यास्त बघायला यानिपेव्हच्या आठवड्यात लोकांची रीघ लागलेली असते. दर थोड्या वेळाने थांबा, सरका, हसून मान डोलवा, पुन्हा चाला. शिवाय फळ्या आवाज वाहून नेतात. वीस पावलं मागून कोणी येत असेल तरी त्याची धपधप तुमच्या तळपायाला कळते.

मला हे खटकलं ते विरूला दवबिंदू, म्हणजे किडे खाणारी ती वनस्पती, बघताना. कासच्या पठारावर ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको. इथला गोल पानांचा, त्याच कुळातला. शेवाळात रुतलेली बटणाएवढी तांबडी पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. ती दिसायला गुडघे टेकून, नाक फळीच्या कडेपाशी न्यावं लागतं. एका पानावर चिलट नुकतंच अडकलं होतं, एक पाय अजून हलत होता, आणि कडेचे केस त्याच्याकडे झुकलेत का ते मी बघत होतो. हे काम सावकाशीचं. तेवढ्यात फळी थरथरली, उठावं लागलं. पुन्हा टेकलो, पुन्हा उठलो. शेवटी ते पान कुठलं तेच हरवलं. दलदलीत बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं घोट्याच्या खालीच आहे, आणि विरूला त्या संध्याकाळी माणसाला वाकूच देत नाहीत.

काकेर्दायाला तसंच पान मी पोटभर बघितलं. लोक तिथेही असतात, शनिवारी-रविवारी चांगलेच असतात. माझं नशीब त्या दिवशी बरं असेल, हेही शक्य आहे. पण बहुतेक जण तळ्यावर जाऊन थांबतात, फळ्यांवर रेंगाळत नाहीत. लांबून क्रौंचांची हाक आली तर ती पुरती ऐकू येते.

म्हणून माझा सल्ला असा: पहिलीच दलदल असेल, सोबत लहान मूल किंवा वयस्कर कोणी असेल, तर विरू, आणि जमलं तर सणाचा दिवस टाळून. चालायची सवय असेल, डास सोसायची तयारी असेल, तर काकेर्दाया.

यानिपेव्ह 24 जूनला, पण शेकोट्या पेटतात त्या 23च्या संध्याकाळी. 23लाही सुट्टीच असते आणि 22 जून कामाचा दिवस असेल तर तो कायद्यानेच तीन तासांनी लहान होतो, त्यामुळे शहराबाहेरचे रस्ते 22च्या दुपारीच तुंबतात. शक्य असेल तर 21ला उरकून घ्या. सूर्य पावणेअकराच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही पुरता काळोख होत नाही, तेव्हा आठ-साडेआठला चालायला लागलात तरी घाई नाही. परतताना जंगलातल्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. मूस आणि हरणं याच वेळी रस्ता ओलांडतात, आणि एक दिसलं की मागोमाग दुसरं असू शकतं.