महाशीर राखायचा कसा: देवाचा डोह की हॅचरी?

सह्याद्रीतल्या नद्यांत महाशीर हा गोड्या पाण्यातला मोठा मासा टिकवायच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट म्हणजे वाळणकोंड. महाडजवळ काळ नदीच्या या डोहात वरदायिनी देवीच्या नावाने मासे राखले जातात. गळ नाही, जाळं नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वरालाही तेच. खर्च जवळपास शून्य, पहारा गावाचा. पण राखण डोहापुरतीच. पुरात मासा खाली उतरला की तो कोणाचाही. वरच्या अंगाला धरण झालं किंवा वाळू उपसली, तर देवीचंही काही चालत नाही.

दुसरी वाट लोणावळ्याची, म्हणजे हॅचरीची: अंडी उबवून पिल्लं वाढवायची आणि नद्यांत सोडायची. टाटा पॉवरने वळवणला १९७०च्या दशकापासून निळ्या परांच्या महाशीराची पिल्लं वाढवली, इतर राज्यांनाही दिली. संख्येत ही वाट कितीतरी पुढे. फटका बसला तो कावेरीत, कारण हा मासा तिथला नव्हेच. तो सोडल्यावर तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे पडत गेला आणि २०१८ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. (धरणं, वाळूउपसा आणि स्फोटकांनी केलेली मासेमारी यांचाही त्यात वाटा आहेच.)

मला विचाराल तर आधी डोह. हॅचरी काढायचीच तर त्याच नदीच्या माशांची, आणि पिल्लं सोडायची तीही त्याच खोऱ्यात.