मल्लखांबाचा क्लास: वर्षभर लेकीला पाठवल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, आम्ही काही फार विचार करून या क्लासला आलो नाही, बाकीचे सगळे करून झाले म्हणून आलो. लेक आता नऊ वर्षांची. त्याआधी कीबोर्ड झाला (कॅसिओ माळ्यावर आहे, कोणाला हवा असेल तर सांगा), स्केटिंग झालं आणि अबॅकस झालं. अबॅकसचं दुखणं वेगळंच, वर्षाचे अठरा हजार आधीच भरून घेतले आणि तीन महिन्यांत पोरगी रडायला लागली तर म्हणे पैसे परत द्यायची पॉलिसी नाही. नाव नाही घेत कारण चूक माझीपण होती, सोसायटीतल्या सगळ्यांची मुलं जातात म्हणून मी घातलं होतं, तिला विचारलंच नव्हतं.

तर हा क्लास म्हणजे आमच्या डोंबिवलीतली एक जुनी व्यायामशाळा आहे, पत्र्याची शेड, आत मारुतीचा फोटो आणि गुळगुळीत झालेले तीन खांब. पहिल्या दिवशी आत गेलो तर एरंडेलाचा वास नाकात बसला. खांबाला लावतात ते, हाता-पायांना पण चोळतात, नाहीतर कातडी सोलवटून निघेल. लेकीचा पहिला प्रश्न, आई हे प्यायचं नाहीये ना?

स्केटिंगला एक गोष्ट मला खटकायची पण नक्की काय ते कळत नव्हतं. इथे आल्यावर कळलं. मी चक्क घड्याळ लावून बसले. स्केटिंगला एका तासात पोरगी बराच वेळ रांगेत उभी, नाहीतर बूट घालत-काढत. इथे तासाभरात तिचा नंबर चौदा वेळा लागला, आणि मधल्या वेळात नुसतं उभं राहू देत नाहीत, जोर काढ, बैठका मार, नाहीतर गादीवर कोलांट्या. तर क्लास बघायला जाल तेव्हा चकचकीत हॉल आणि भिंतीवरची सर्टिफिकेटं बघू नका, तुमचं पोर तासात किती वेळा प्रत्यक्ष काही करतंय ते मोजा.

शिकवणं कसं? निवांत. पहिला महिना तर नुसती साधी अढी, म्हणजे खांबाला मिठी मारल्यासारखी मांड्यांची पकड बसवायची, हात सोडले तरी खाली सरकायचं नाही. सरकतातच. आमचं ध्यान रोज मांड्यांवर लाल वळ घेऊन घरी यायचं, नवरा म्हणाला हे काय चाललंय, दोन दिवस मी पण डळमळले. पण तीच सहा वाजले की चप्पल घालून दारात उभी. कीबोर्डच्या वेळेला हीच पोरगी पोट दुखतंय म्हणायची.

पाच महिन्यांनी दोरीवर घेतलं. दोरीला गाठी-बिठी काही नसतात हां, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी पकडून वर जायचं. गेल्या महिन्यात तिने वरती दोरीतच पद्मासन घातलं आणि तिथनं मला हात केला, माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली.

सर साठीच्या पुढचे, बोलतात कमी. लहानांना बरंचसं मोठी पोरं शिकवतात, तिथे सगळे दादा नाहीतर ताई, आणि ते मला फार आवडलं कारण एकुलत्या एक पोरीला कोणीतरी "अगं गुडघा सरळ, परत कर" असं न चिडता सांगणारी दहावीतली ताई मिळाली. शनिवारी सर गोष्ट सांगतात. दुसऱ्या बाजीरावाकडचे बाळंभट्टदादा देवधर वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन राहिले, तिथे माकडाच्या उड्या बघून त्यांनी मल्लखांबाचा नवा व्यायाम बसवला वगैरे. खरं-खोटं माकडालाच माहीत, पण लेक आता माकड म्हटलं तर खूश होते. २०१९ ला शिवाजी पार्कात मल्लखांबाची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, त्याचे व्हिडिओ तिने इतके बघितलेत की परदेशातल्या पोरांना आपला खेळ येतो आणि आईला येत नाही हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं.

आता तक्रारी. बाथरूम एकच आणि ते पण असंतसंच, मुलींना कपडे बदलायला धड जागा नाही, हे मी सरांना तीनदा बोललेय, करू करू म्हणतात. पावसाळ्यात शेड गळते आणि खांब दमट झाला की सुट्टी, मेसेज येतो तेव्हा आपण रिक्षात असतो. गाद्या दोन नवीन, बाकीच्या जुन्या, मी सांगून ठेवलंय की हिला नवीन गादीवरच उडी मारायला लावा. आणि पालकांना बसायला बाकडं नाही.

फी महिन्याला सहाशे, महिन्याच्या महिन्याला. नाही आवडलं तर पुढच्या महिन्यात येऊ नका, एवढं सरळ. पहिले चार दिवस फुकट बसू देतात. अठरा हजार एकदम भरलेल्या बाईला हे ऐकून रडू यायचं बाकी होतं.

बरेच पालक विचारतात याचा दहावीला उपयोग काय, ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या तर वाढीव मार्क तरी मिळतात. खेळाचे पण मिळतात, पण त्यासाठी स्पर्धांमध्ये वरपर्यंत जावं लागतं, आणि आमची तालुक्याला सातवी आली, सात जणींत. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि झोपली. सकाळी उठून दाराच्या चौकटीला लटकून काहीतरी करत होती, सातवी आल्याचं तिच्या डोक्यात पण नव्हतं, माझ्याच होतं.

सगळ्याच मुलांना जमेल असं नाही. माझ्या भाच्याला नेलं होतं, त्याला उंचीची भीती वाटली, तो आता तबला शिकतो आणि मजेत आहे. म्हणून आधी ते चार फुकटचे दिवस बसवा, आणि घरी आल्यावर विचारू नका आवडलं का, ते आपल्याला खूश करायला हो म्हणतात. बिनविचारता घरात काय करून बघतात तेवढं बघा.

लहानांची बॅच साडेसहाला, सव्वासहाला पोचा, पार्किंग नाही. जुने कपडे घाला, पांढरे तर अजिबात नको, एरंडेलाचा डाग कशानेच जात नाही, मी सगळ्या पावडरी वापरून बघितल्यात.