डागांसाठी ट्रेटिनॉइन की अझेलेइक ॲसिड?

व्हिटॅमिन सीच्या बाटल्या तपकिरी पडून फेकल्या गेल्या आणि हायड्रोक्विनोन हे डाग फिकट करणारं औषध दीर्घकाळ लावू नये हे कळलं, की बहुतेकांची गाडी या दोन ट्यूबांपाशी येऊन थांबते. मी दोन्ही बऱ्यापैकी सलग वापरल्या आहेत. सनस्क्रीन रोज लावताच, असं धरून चालतो. नसाल लावत तर यातली कुठलीही घेतली तरी डाग पुन्हा गडद होणार.

निव्वळ ताकद बघायची तर ट्रेटिनॉइन. वरच्या थरातल्या पेशी ते भराभर बदलायला लावतं, त्यांच्याबरोबर साठलेला रंगही झडतो. कपाळावर, गालाच्या हाडावर उन्हानं वर्षानुवर्षं उमटवलेले तपकिरी ठिपके माझ्या चेहऱ्यावर यानंच फिकट झाले, शिवाय बारीक सुरकुत्या कमी झाल्या त्या वेगळ्याच. अझेलेइक या ठिपक्यांवर तितकं चालत नाही. ते रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला आवरतं, तेही मुख्यतः अवाजवी रंग बनवत सुटलेल्या पेशींमध्ये. म्हणून वांग आणि मुरुमांनंतर राहिलेले डाग हा त्याचा खरा प्रांत. वांगावरच्या चाचण्यांत २० टक्क्यांचं अझेलेइक ४ टक्के हायड्रोक्विनोनच्या बरंच जवळ पोचलेलं दिसलं आहे.

इथवर सामना बरोबरीचा, किंबहुना ट्रेटिनॉइनकडे झुकलेला. पण मला रोज दाढी करावी लागते.

ट्रेटिनॉइन सुरू केलं की नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांत आणि हनुवटीवर सालं निघतात. त्यावरून ब्लेड फिरलं की आधी चुरचुर, मग बारीक ओरखडे, आणि आफ्टरशेव्ह लावण्याचा तर विचारही नको. रात्री कमी लावून पाहिलं, आधी मॉइश्चरायझर लावून वर ट्रेटिनॉइन असंही करून पाहिलं. थोडा फरक पडला, जाच गेला नाही. नुसत्या जळजळीचं एक वेळ चाललं असतं. गव्हाळ-सावळ्या त्वचेला मात्र लालीनंतर काळेपणा धरायची खोड असते. माझ्या हनुवटीवर जिथे जिथे सोललं, तिथे मागे एक मळकट छटा राहिली. डाग घालवायला आणलेल्या औषधानं नवा डाग द्यावा, हे काही मला पटेना.

अझेलेइकही साधं नाही. लावल्यावर काही मिनिटं अशी खाज सुटते की हात आपोआप गालाकडे जातो. जेलवर घाईनं सनस्क्रीन लावलं तर त्याच्या मळासारख्या वळ्या निघतात. त्याला पुरतं सुकू दिलं की प्रश्न मिटतो. खाजही सवयीनं ओसरली. सालं जवळजवळ नाहीत, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा चालतं आणि दाढीशी त्याचं वैर नाही. गरोदरपणात ट्रेटिनॉइन वर्ज्य असतं; अझेलेइक सहसा चालतं, तरी डॉक्टरांना विचारूनच.

मोजके, सुटे, ठळक ठिपके असतील तर कदाचित दोन्ही ट्यूब बाजूला ठेवून लेसरबद्दल विचारणं सोयीचं. सावळ्या त्वचेवर तिथेही काळं पडण्याची भीती आहेच, म्हणून हात अनुभवी हवा. आणि एखादा ठिपका वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी होत असेल किंवा त्यात दोन-तीन रंग दिसत असतील, तर त्यावर काहीही न लावता आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

तुमची त्वचा निबर असेल, दाढीचा प्रश्न नसेल आणि मुख्य तक्रार उन्हाच्या ठिपक्यांची असेल, तर ट्रेटिनॉइन घ्या. मी अडवणार नाही. रंग एकूणच कमीजास्त असेल आणि जरा सोललं तरी काळं पडत असेल, तर मी अझेलेइकपासून सुरुवात करेन. निदान तीन महिने तरी त्याला द्यावे लागतात. पहिल्या महिन्यात आरशात काही दिसलं नाही म्हणून ट्यूब बदलू नका.