फक्त पॅड, डिस्क फेस करून, की नवी डिस्क? गॅरेजला होकार देण्याआधी

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी गॅरेजातून फोन येतो: "पुढचे ब्रेक पॅड संपलेत, डिस्कलाही कड आलीय. काय करू?" डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ठोकळे. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या काठावर न झिजलेला उंचवटा उरतो, तीच कड. वाटा तीन असतात. फक्त पॅड बदलायचे, पॅड बदलून जुनी डिस्क लेथवर फेस करून (म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून) घ्यायची, किंवा पॅड आणि डिस्क दोन्ही नवे टाकायचे. पहिलीपेक्षा तिसरीचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून बहुतेक जण "सध्या पॅडच टाका" म्हणतात. कधी ते अगदी बरोबर असतं, कधी त्याने नवे पॅडही वाया जातात. खरं उत्तर जुन्या पॅडवर आणि डिस्कवर मोजता येतं. ते मोजल्याशिवाय फोनवर हो म्हणू नका.

नव्या पॅडचं अस्तर, म्हणजे डिस्कला घासणारा थर, साधारण १० ते १२ मिमी जाड असतं. मागची लोखंडी पट्टी त्यात धरायची नाही. अस्तर ३ मिमीवर आलं की पॅड बदलायचे. बऱ्याच पॅडला एक पत्र्याची जीभ असते. अस्तर संपत आलं की ती डिस्कला घासून किरकिरते. तो आवाज लागला म्हणजे थोडेच दिवस उरले. जाड, घर्र घर्र आवाज आला तर लोखंडावर लोखंड घासतंय, आणि मग डिस्क बहुधा हातची गेलेली असते.

इथे एक फसगत नेहमी होते. अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्च मारून "पॅड भरपूर आहेत" असं सांगितलं जातं, पण फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला, पिस्टनकडचा (ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या दट्ट्याकडचा) पॅड चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि आधी संपतो तो बहुतेक वेळा तोच. म्हणून चारही आकडे मागा: डाव्या चाकाचा आतला-बाहेरचा, उजव्या चाकाचा आतला-बाहेरचा. आतला २ मिमी आणि बाहेरचा ६ मिमी निघाला, तर दोष पॅडचा नाही. कॅलिपरच्या (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना जाम झाल्यात किंवा पिस्टन मागे सरकत नाही. ते न सोडवता नवे पॅड टाकले तर तेही तसेच एकांगी झिजतील. आपल्याकडे मराठवाड्यात हे जास्त दिसतं. उन्हाळ्यात पाणंदीची बारीक धूळ, जूनमध्ये काळ्या मातीचा चिखल. पिनेवरचं रबरी बूट फाटलं की माती आत जाते, ग्रीस सुकतं आणि पिन अडकते.

ब्रेक ऑइलची पातळी खाली दिसली की लगेच भरू नका. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात आणि ऑइल खाली उतरतं, म्हणजे पातळीच पॅडची बातमी देत असते. वर भरून ठेवलं तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर डबी ओसंडते, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर गळती शोधायला हवी.

आता डिस्क. तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. छोट्या गाड्यांत ती नव्या जाडीपेक्षा साधारण २ मिमीने कमी असते. मोजताना साधा व्हर्नियर (जबड्यांची मोजपट्टी) चुकवतो, कारण त्याचे जबडे बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. टोकदार जबड्यांचा मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं साधन) नसेल तर दोन सारखी नाणी घ्या, एक आतून आणि एक बाहेरून डिस्कच्या झिजलेल्या भागावर धरा, त्यावरून माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. मिस्त्रीसमोर एक मिनिटाचं काम आहे.

फक्त पॅड: ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत नाही, डिस्कवर बोटाने जाणवतील अशा खोल रेघा नाहीत, आणि जाडी किमानपेक्षा निदान १ मिमी जास्त आहे, तर नवे पॅड पुरे. पहिल्यांदाच पॅड बदलत असाल तर बहुधा हेच निघतं. कडेला किंचित कड आली म्हणून डिस्क गेली असं होत नाही. नव्या पॅडची कोर त्या कडेला टेकत असेल तर कड तेवढी उतरवून घेतात. वाचलेले पैसे पिनांच्या सिलिकॉन ग्रीसवर आणि नव्या रबरी बुटांवर घाला. साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं.

डिस्क फेस करणं: स्वस्तात सुटका झाल्यासारखी वाटणारी आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी वाट हीच. ब्रेक दाबताना थरथर होते तेव्हा डिस्क "वाकली" असं म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तिची जाडी जागोजागी थोडी कमी-जास्त झालेली असते किंवा पॅडचा थर तिच्यावर विषम बसलेला असतो. लेथवर ते काढता येतं, पण दोन अटींवर. घासल्यानंतरही जाडी किमानच्या वर निदान अर्धा मिमी उरली पाहिजे, आणि लेथवाल्याने डिस्क तिच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसते त्याच पृष्ठभागावरून बांधली पाहिजे. लेथचा चक (डिस्क पकडणारा जबडा) तिरका बसला तर डिस्क गुळगुळीत दिसते, पण फिरताना डुलते, आणि थरथर तीन-चार हजार किलोमीटरमध्ये परत येते. शिवाय पातळ झालेली डिस्क उष्णता कमी धरते. संभाजीनगर शहरातच फिरणाऱ्या गाडीला हे खपून जाईल. कन्नडचा औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने उतरणाऱ्याने फेस केलेल्या डिस्कवर भरवसा ठेवू नये.

नवी डिस्क: जाडी किमानच्या जवळ, खोल चर, उष्णतेने निळसर डाग किंवा केसासारख्या भेगा दिसत असतील तर दुसरा विचार करायचा नाही. भेग टोपीपर्यंत किंवा कडेपर्यंत गेली असेल तर गाडी घरी चालवतही नेऊ नका. डिस्क नेहमी जोडीने बदलतात, आणि नव्या डिस्कवर जुने पॅड कधीच नाहीत. डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसायचा. हबवरचा गंज ब्रशने साफ करायचा. गंजाचा एक पापुद्रा खाली राहिला तरी नवी डिस्क डुलते आणि दोष डिस्कवर जातो.

तालुक्याच्या गावात चालत्या गाड्यांचे पॅड मिळतात, पण डिस्क बऱ्याचदा लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरहून मागवावी लागते. म्हणून गाडी खोलण्याआधी मोजमाप करून घ्या, नाहीतर गाडी जॅकवर आणि पार्ट वाटेत अशी दोन दिवसांचा खोळंबा होतो.

पॅड कोणते? गाडीच्या कंपनीचे किंवा ब्रेम्बो, बॉश, राणे, अलाइड निप्पॉन अशा नावाजलेल्या ब्रँडचे, यात रोजच्या वापरात तुम्हाला जाणवेल इतका फरक नसतो. फरक पडतो तो बिननावाच्या खोक्यातल्या पॅडने. काही पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ किंवा ईई अशी. पहिलं अक्षर पॅड थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी घर्षणाचं असेल (उदा. एफई) तर घाटात पॅड तापल्यावर पकड सैल पडणार. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि चाकावर काळी भुकटी कमी सोडतात, पण साध्या हॅचबॅकला त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

शोरूम की गॅरेज, हे बरंचसं मागच्या ब्रेकवर ठरवा. मागे ड्रम ब्रेक (डिस्कऐवजी बंद डबा, आत शू म्हणजे अस्तराच्या वक्र पट्ट्या) असेल तर चांगला स्थानिक मिस्त्री हे काम उत्तम करतो. ड्रम उघडून माती काढणं, शू पाहणं, हँडब्रेक जुळवणं यासाठी तो वेळ देतो, शोरूमच्या घाईत कधी कधी हेच राहून जातं. एक पाहा: ड्रममधली धूळ हवा मारून उडवू देऊ नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढायला सांगा. मागे डिस्क आणि बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर पिस्टन मागे घेण्यासाठी स्कॅनरने गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते. ज्याच्याकडे तो स्कॅनर नाही त्याच्या हाती ती गाडी देऊ नका. जोर लावून पिस्टन दाबला तर हँडब्रेकची मोटर मोडते.

ब्रेक ऑइल याच खेपेला बदलायचं का? दोन वर्षं झाली असतील तर हो. ते हवेतली ओल शोषतं. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. कोरडं डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४० ला. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. मे महिन्यात घाट उतरताना हे घडलं तर सावरायला वेळ मिळत नाही. डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल वापरा, सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू करून, गाडी जागेवरच ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिलं पेडल थेट फ्लोअरपर्यंत जातं. पेडल कडक झाल्याशिवाय गिअर टाकू नका. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग उतरवा. मधे गाडीला वारा लागू द्या, आणि तापलेले ब्रेक दाबून गाडी उभी करून ठेवू नका. नाहीतर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी उमटतो. पहिले २०० किलोमीटर पकड थोडी कमी वाटते, तेव्हा रात्री उसाच्या ट्रॉल्या चालणाऱ्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. ५० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा ताणून पाहा.