वीस किलोचा पीव्हीसी डंबेल सेट : वावरात राबणाऱ्या घरानं घ्यावा का?

घ्यावा. पण घेताना काही गोष्टी बघून घ्याव्या लागतात अन् त्या विकणारा सांगत नाही म्हणून हे लिहितोय. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात, जवळची जिम तालुक्याला, तिथली फी अन् रोजचं पेट्रोल धरलं तं दोन-तीन महिन्यांत जेवढा पैसा जाते तेवढ्यात हा सेट घरी येते. माझा पावणेदोन हजारांत पडला, ऑनलाईन मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही कारण हे सेट दहा नावांनी विकतात अन् उघडून पाहिलं तं सगळे सारखेच, दोन दांडे, चार नट, आठ प्लेटा, अन् सोबत हातमोजे नाहीतर दोरीउडीची दोरी फुकट म्हणून दिलेली असते. हातमोजे पहिल्याच आठवड्यात उसवले, त्याचं सोडा.

माझ्या सेटमध्ये 3 किलोच्या चार अन् 2 किलोच्या चार प्लेटा आहेत, मिळून 20 किलो. दांडा 14 इंची. आता इथं पहिली गोष्ट समजून घ्या, बॉक्सवर 20 किलो लिहिलं म्हणजे एका हातात 20 किलो येत नाही! पीव्हीसीची प्लेट म्हणजे वरून प्लास्टिक अन् आत सिमेंट-रेतीचा भराव, त्यामुळे ती लोखंडापेक्षा बरीच जाड असते. 14 इंची दांड्यावर एका बाजूला दोन प्लेटा बसल्या की नटापुरतीच जागा उरते, तिसरी प्लेट चढत नाही. म्हणजे एका डंबेलवर जास्तीत जास्त 3 च्या चारही प्लेटा, 12 किलो, वर दांड्याचं किलोभर वजन. दोन्ही हातात सारखं पायजे असन तं 10-10 किलो. सुरुवात करणाऱ्याला एवढं पुरते, हे मी खात्रीनं सांगतो, पण विकत घेतानाच माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. दोन्ही हातात सारखं वजन घ्यायचं म्हटलं की या सेटमध्ये फक्त 4, 6 अन् 10 किलो होते. 6 वरून एकदम 10! खांद्यावरून वर ढकलायच्या व्यायामात 6 किलो बारा वेळा सहज जाते अन् 10 किलो तीनदाही जात नाही, मग माणूस वाकडातिकडा होऊन कंबर मागं झुकवून कसंबसं वर नेते, अन् तिथंच कंबरेत चमक भरते. अशानं आमच्या गावातल्या दोन पोरांचे सेट खाटेखाली धूळ खात पडले. त्यांची ताकद कमी नव्हती, मधली पायरीच नव्हती. उपाय स्वस्त आहे, 1 किलोच्या चार प्लेटा वेगळ्या घ्या. 3 अन् 1 लावली की 8 किलो झाला. माझं तं मत आहे की ह्या चार छोट्या प्लेटांशिवाय हा सेट अर्धाच आहे, कंपन्यांनी हातमोज्यांऐवजी ह्या द्यायला पायजे.

आता ज्या प्रश्नाचं उत्तर गावात रोज द्यावं लागते तो घेतो. शेजारचे काका म्हणाले, "दिवसभर वावरात मरमर मरतं अन् घरी येऊन अजून वजनं उचलतं, कायले रे बावा?" प्रश्न रास्त आहे, उडवून लावायचा नाही. वावरातलं काम खरंच जड आहे. 16 लिटरचा फवारणीचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास येते, युरियाची गोणी 45 किलोची, डीएपी खताची 50 ची. पण पंप यंदाही 16 लिटरचाच अन् दहा वर्षांनीही तेवढाच. शरीर एखाद्या ओझ्याला एकदा सरावलं की पुढं ताकद वाढवत नाही, फक्त थकते. वर काम एकाच अंगानं होते, उजव्या हाताचा माणूस विळा उजव्यानंच चालवणार, गोणी त्याच खांद्यावर घेणार. कापूस वेचताना तासन् तास कंबरेत वाकलेलं. ज्या सांध्याला आराम पायजे त्यालाच काम अन् ज्या स्नायूला काम पायजे तो रिकामा. डंबेलमध्ये वजन आपल्या हातात आहे, आज 6, महिन्यानं 8, दोन्ही अंगांना सारखं, अन् मध्ये एक-दोन दिवस सुट्टी. ताकद त्या सुट्टीत भरते.

अन् व्यायाम आपल्याकडे काही नवा आलेला नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं, तिथलं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डी अन् आपले देशी खेळ दाखवून आलं. गावोगावी आखाडे होते, दंड-बैठका अन् मुद्गल होते. दंड-बैठका आजही माझ्या आवडीच्या, एक रुपया लागत नाही. फक्त त्यात एक उणं राहते, दंडात ढकलणं आहे, बैठकीत पाय आहेत, पण ओढायचं काही नाही, पाठीचा वरचा भाग तसाच राहते. ते डंबेलनं भरून निघते.

सेटसोबत एक रंगीत तक्ता येते, त्यावर पंधरा-वीस चित्रं, अन् बहुतेक सगळी हाताच्या दंडाचीच! पायाचं जवळजवळ काही नाही. तो तक्ता भिंतीवर लावू नका. सुरुवातीला पाच व्यायाम पुरतात. एक डंबेल उभा छातीशी धरून बैठक, त्याला गॉब्लेट स्क्वॅट म्हणतात, वजन पुढं असल्यामुळं पाठ आपोआप ताठ राहते अन् नवख्याला बैठक यानंच लवकर जमते. दुसरा फ्लोअर प्रेस, सतरंजीवर उताणं झोपून दोन्ही डंबेल छातीवरून वर ढकलायचे, कोपर जमिनीला टेकलं की थांबायचं, म्हणून खांदा जास्त खाली ताणल्या जात नाही अन् बेंच घ्यायची गरजच पडत नाही. तिसरा रोइंग, एक हात अन् एक गुडघा खाटेच्या काठावर टेकवून दुसऱ्या हातानं डंबेल कंबरेकडे ओढायचा, हाच तो दंड-बैठकीत नसलेला. चौथा खांद्यावरून वर ढकलायचा, अन् पाचवा रोमानियन डेडलिफ्ट, नाव मोठं आहे पण करायचं एवढंच की डंबेल मांड्यांना घासत खाली न्यायचे, गुडघे थोडेसेच वाकवायचे अन् ढुंगण मागं न्यायचं, पाठ सरळ.

ह्या पाचव्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण आमच्याकडे ज्याला त्याला कंबरदुखी आहे. गोणी उचलताना माणूस पाठीची कमान करून वाकते अन् झटका देते, सगळा भार कंबरेच्या मणक्यावर. कमरेऐवजी खुब्यातून वाकायची सवय 6 किलोच्या डंबेलवर लागते, 45 किलोच्या गोणीवर लावता येत नाही. शिकायची युक्ती, भिंतीकडे पाठ करून एक वीत अंतरावर उभे राहा अन् ढुंगणानं भिंत शिवायचा प्रयत्न करा. ते जमलं की हातात वजन घ्या. माझा लहान भाऊ आता सोयाबीनचे कट्टे असेच उचलते, कोणी सांगायची गरज नाही पडली.

किती करायचं तं प्रत्येक व्यायाम सलग आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन फेरे, या फेऱ्यालाच सेट म्हणतात, मध्ये मिनिट-दोन मिनिटांचा दम. शेवटी अजून दोन निघाले असते अशा ठिकाणी थांबायचं, नवख्यानं जीव निघेपर्यंत करू नये. तिन्ही सेटमध्ये बारा स्वच्छ निघाले की वजन वाढवा. वजन वाढवायला प्लेट नसन तं खाली येताना तीन आकडे मोजत सावकाश या, तेच वजन जड लागते. आठवड्यात दोन दिवस पुरतात, जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगते. पेरणीच्या अन् वेचणीच्या दिवसांत एकच दिवस केला तरी कमावलेलं टिकते, म्हणून हंगामात अपराधी वाटून घेऊ नका. सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, जिना उतरवत नाही, ते आपोआप जाते. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तं मात्र थांबायचं. अन् वजन वर नेताना श्वास सोडायचा, दाबून धरायचा नाही, बीपीची गोळी सुरू असन किंवा हर्निया असन तं आधी डॉक्टरला विचारा.

आमच्या घरी सगळ्यात नेमानं वहिनी करते. पहिले म्हणायची, "भाऊजी, बायकायच्या कामाचं हाय का हे, दंड फुगतीन माये." तसं काही होत नाही, दंड फुगवायला वर्षानुवर्षं मेहनत अन् खाणं लागते. तिनं नुसत्या दांड्यावर सुरुवात केली, नंतर 4 किलो, आता बैठकीला 10 किलो धरते. पाण्याचे गुंड उचलताना हात भरून यायचे ते बंद झाले म्हणते. ह्या सेटचा खरा फायदा मला इथं दिसला, ठरावीक वजनाचा डंबेल एकाच माणसाच्या कामाचा असते, हा पूर्ण घर वापरते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही संध्याकाळी येतात. त्यांना सांगतो की भरतीत फेकायचा 7.26 किलोचा गोळा नुसत्या डंबेलनं लांब जात नाही, त्याचं तंत्र वेगळं शिकावं लागते, पण पाय अन् खांदा मजबूत असन तं शिकलेलं तंत्र कामी येते.

आता मालाचं. दांड्याची पकड चांगली खरबरीत आहे, घामातही सुटत नाही. नट ताऱ्याच्या आकाराचे, आत रबरी रिंग, ती रिंगच नटाला धरून ठेवते. माझ्या बॉक्समध्ये एक रिंग कमी निघाली, तक्रार केल्यावर आठ-दहा दिवसांनी आली. म्हणून पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. नट प्रत्येक सेटनंतर हातानं आवळायचा, डोक्यावरच्या व्यायामाआधी तं नक्कीच, हा आळस करायचाच नाही, प्लेट निसटली तं सरळ डोक्यावर येते. प्लेटा मी अडत्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजल्या, 3 किलोच्या प्लेटांपैकी एक दीडशे ग्रॅम कमी अन् एक शंभर ग्रॅम जास्त भरली. नवख्याला फरक पडत नाही, पण मार्करनं खुणा करून जोड्या लावून ठेवल्या.

प्लेट आपटायची नाही. वरचं प्लास्टिक तडकलं की आतली भुकटी गळायला लागते अन् ती प्लेट गेली समजा. खाली दुहेरी बारदाना अंथरा, शहाबादी फरशीही वाचते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जाते तेव्हा अंगणात उन्हात ठेवू नका, प्लास्टिक नरम पडते अन् वास मारते. पहाटे उजाडायच्या आत करून सपरीत सावलीला ठेवून द्यायचं. घरात लहान लेकरू असन तं दांड्यावरून प्लेटा काढून खाली आडव्या ठेवा.

लोखंडी सेट किलोमागे महाग पडते, पावसाळ्यात गंज धरते, अधूनमधून तेलाचा बोळा फिरवावा लागते. पण तो मोडत नाही अन् प्लेट बारीक असल्यानं त्याच दांड्यावर जास्त वजन बसते. ज्याच्याजवळ पैसा आहे अन् करणारच हे पक्कं आहे त्यानं सरळ लोखंडी घ्यावा. ज्याला आधी जमते का पाहायचं आहे त्याला पीव्हीसी बरोबर.

प्रोटीन पावडरचे डबे विकणारेही मागं लागतात, तिकडे जाऊ नका. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था साध्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन सांगते, वजनं उचलणाऱ्यानं 1.2 पर्यंत न्यावं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ग्रॅम. 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंचवीसेक ग्रॅम मिळते, अंडं खात असान तं एकात सहा, वर तुरीचं वरण, भिजवलेला हरभरा, मूठभर शेंगदाणे अन् दही. सोयाबीन, तूर, हरभरा आपणच पिकवतो अन् घरी मात्र पातळ वरण खातो, तेवढं वरण घट्ट करा.

पाचपैकी चार गुण देतो, एक कापला तो मधल्या प्लेटा नसल्यामुळं. 1 किलोच्या प्लेटा घ्यायला जाल तेव्हा घरची एक प्लेट सोबत न्या, कारण भोक कुठं 25 मिलिमीटरचं असते कुठं 28-30 चं, ढिली प्लेट दांड्यावर खडखडते अन् घट्ट असली तं चढतच नाही. दुकानदार म्हणन सगळ्या सारख्याच, तरी समोर ठेवून जुळवूनच पैसे द्या.