लाइव्ह कंट्रोलच्या नावाखाली विकलेला डबा: कॅमेरा-रोबो घेणाऱ्यांसाठी

जुना इंडस्ट्रियल रोबो घेऊन त्यावर कॅमेरा चढवायच्या विचारात असलेल्या मुंबईतल्या छोट्या स्टुडिओंसाठी हे लिहितेय. आमचे सहा लाख रुपये गेले. ज्याने ते घेतले तो अजून धंद्यात आहे, हाच माल वेगळ्या नावाने कोटेशनमध्ये घालतोय आणि नुकताच गोरेगावच्या एका ओळखीच्या स्टुडिओपर्यंत पोचला होता. प्रकरण पोलिसांत असल्यामुळे त्याचं नाव इथे देत नाही. त्याची पद्धत मात्र सगळी सांगते.

मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. मसाले, सरबतं, आइस्क्रीम, असं टेबलटॉपचं, म्हणजे टेबलावर मांडून शूट करायचं काम. बोल्टसारखे तयार कॅमेरा-रोबो मुंबईत भाड्याने मिळतात, पण ते भाडं आमच्या बजेटमध्ये रोज रोज बसत नाही. म्हणून एका बंद होणाऱ्या कारखान्यातून एबीबी कंपनीचा सहा अक्षांचा रोबो त्याच्या आयआरसी-५ कंट्रोलरसकट घेतला. तो व्यवहार चोख झाला. रोबोबद्दल आजही तक्रार नाही.

कारखान्यातला रोबो आणि कॅमेऱ्याचा रोबो यांत फरक वेळेचा असतो. वेल्डिंग करणाऱ्या हाताने ठरलेल्या रेषेवरून जायचं असतं, एखादा सेकंद इकडेतिकडे चालतो. आम्हाला मात्र त्रेचाळिसाव्या फ्रेमला कॅमेरा नेमका कुठे आहे ते प्रत्येक टेकला तेच हवं असतं. कॅमेऱ्याची तीच हालचाल, म्हणजे मूव्ह, आम्ही पुन्हा पुन्हा शूट करतो, त्या प्रत्येक खेपेला पास म्हणतात. एक पास ग्लासात कोकम सरबत ओतताना, दुसरा रिकाम्या टेबलाचा, तिसरा वेगळ्या लायटिंगचा. पुढे हे तिन्ही एकावर एक बसवायचे असतात. पंचवीस फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. हायस्पीड कॅमेरा हजार फ्रेमवर लावला की एक फ्रेम एका मिलिसेकंदाची. ओतणारा व्हॉल्व्ह, कॅमेऱ्याचा ट्रिगर आणि रोबो या तिघांचं घड्याळ एकच नसेल तर सरबत सांडून जातं आणि कॅमेरा नंतर पोचतो.

त्यासाठी बाहेरच्या कॉम्प्युटरने रोबोला क्षणाक्षणाला 'आता इथे ये, आता इथे ये' असं सांगत राहावं लागतं. एबीबीमध्ये ही सोय ईजीएम (एक्स्टर्नली गाइडेड मोशन) नावाच्या ऑप्शनने मिळते. रोबोवेअर ६ या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा नंबर ६८९-१. नेटवर्कच्या तारेवरून, यूडीपी या पद्धतीने, दर ४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २५० वेळा, स्थिती जाते आणि येते. हा ऑप्शन विकत घ्यावा लागतो आणि त्याचं लायसन्स त्या त्या कंट्रोलरशी बांधलेलं असतं.

पैसे घेणारा तो माणूस, म्हणजे ही सगळी जोडणी करून देणारा इंटिग्रेटर, इथे आला. कोटेशन ₹९,४०,००० चं. त्यात ६८९-१ ची ओळ स्पष्ट, 'रिअल-टाइम मोशन गेटवे' नावाचा डबा, सॉफ्टवेअर, इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग. वसईला त्याने डेमो दिला. लॅपटॉपवर टाइमलाइन, तिच्यावर सरकणारी रेघ आणि रेघेच्या तालावर चालणारा रोबो. रेघ थांबली की रोबो थांबे. बघणाऱ्या कोणालाही वाटेल की लॅपटॉपच रोबोला चालवतोय. माझ्या भागीदाराने तिथल्या तिथे टाइमलाइनवरचा हालचालीचा कर्व्ह बदलून दाखवायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "दादा, कॅलिब्रेशन लॉक आहे, तुमच्याकडे बसवल्यावर हवं तेवढं बदला." आणि मला, "ताई, तुम्ही फक्त शूटची तारीख सांगा."

सहा लाख आगाऊ गेले. डबा बसला. पहिलं काम एका पासचं होतं, ते झालं. दुसऱ्या कामात पास जुळेनात. रिकाम्या टेबलाचा पास सरबताच्या पासवर ठेवला की मध्यावर ग्लासाची कडा दुहेरी दिसायची, शेवटाकडे परत जुळायची. फोन केला तर म्हणे मरोळ नाक्याला मेट्रो जाते, त्याचं व्हायब्रेशन. मग म्हणे तुमचं व्होल्टेज खालीवर होतंय. मग म्हणे वायफाय बंद ठेवा. शेवटी तोडगा म्हणून त्याने 'पीटीपी मास्टर क्लॉक' नावाची आणखी एक वस्तू सुचवली, एक लाख ऐंशी हजारांची. पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत, ही खरी गोष्ट आहे, आयईईई १५८८ हे तिचं मानक, पहिली आवृत्ती २००२ ची. दोन टोकांची यंत्रं पीटीपी समजणारी असतील तर घड्याळं मायक्रोसेकंदात जुळतात. खरा शब्द चुकीच्या जागी वापरायची ही त्याची खुबी होती.

माझा भाचा व्हीजेटीआयमधून शिकलाय, नेटवर्कचं काम करतो. तो रविवारी आला. डबा आणि कंट्रोलर यांच्यामध्ये त्याने स्वतःचा मॅनेज्ड स्विच घातला, एक पोर्ट मिरर केला, म्हणजे तारेतून जाणाऱ्या डेटाची नक्कल बाजूला घेतली, आणि ती बघायला वायरशार्क हे सॉफ्टवेअर लावलं. आम्ही मूव्ह चालवली. रोबो सुरेख चालला. स्क्रीनवर एकेका दिशेला सेकंदाला डेटाची २५० पाकिटं दिसायला हवी होती, एकामागोमाग एक, चार-चार मिलिसेकंदांच्या अंतराने. दिसत होतं ते एवढंच की लॅपटॉप अधूनमधून नेटवर्कवर कोण आहे विचारतोय.

"आत्या, ह्या तारेतून काही जातच नाहीये."

मग त्याने रोबो अर्ध्या मूव्हमध्ये असताना नेटवर्कची तार उपसली. रोबो थांबला नाही. टेबलाला वळसा घालून, शेवटच्या जागेवर अलगद येऊन उभा राहिला. तिकडे लॅपटॉपवरची रेघही आपल्या गतीने शेवटाला पोचली.

ईजीएम चालू असताना तार निघाली तर असं होऊच शकत नाही. पुढची जागा बाहेरून यायची असते. ती आली नाही की रोबो पुढे जाणार कुठे? ठरलेली वेळ उलटली की कंट्रोलर संपर्क तुटल्याची एरर देतो. आमच्या रोबोत आधीच भरून ठेवलेला साधा प्रोग्रॅम चालत होता आणि लॅपटॉपवर त्याच लांबीचं ॲनिमेशन.

डबा उघडला. काळा पत्र्याचा, पुढे निळा दिवा, वर चकचकीत स्टिकर: 'इथरकॅट रेडी'. आत ऑफिसात वापरतात तो पाच पोर्टचा स्विच, प्लॅस्टिकचं कवच काढून ग्लू गनने चिकटवलेला. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो तसला. शेजारी एक छोटा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर आणि दोन रिले, म्हणजे विजेच्या खुणेवर चालूबंद होणारी बटणं. 'प्ले' दाबलं की लॅपटॉप वायफायवरून त्या कॉम्प्युटरला खूण करायचा, एक रिले कंट्रोलरच्या डिजिटल इनपुटला टिचकी द्यायचा आणि प्रोग्रॅम सुरू व्हायचा. 'स्टॉप'ला दुसरा रिले. बास.

इथरकॅट हे कारखान्यातली यंत्रं जोडायचं जलद नेटवर्क, २००३ साली बेकहॉफ कंपनीने आणलं. त्यात डेटाची एकच फ्रेम (चित्राची नव्हे) सगळ्या यंत्रांमधून धावते आणि प्रत्येक यंत्र ती जाता जाता वाचतं, आपला भाग तिच्यात भरतं. मध्ये ऑफिसचा स्विच घालून ती साखळी बनत नाही. पण सॉकेट दिसायला तेच असतं, म्हणून असलं स्टिकर खपतं. आणि खरं सांगायचं तर ईजीएमसाठी महागडा स्विच लागतोच असं नाही. साधाही चालतो, त्यावर फक्त रोबो आणि कंट्रोलचा कॉम्प्युटर असेल तर. त्याच स्विचवरून कोणी फुटेज कॉपी करायला लागलं की पाकिटं रांगेत अडकतात. सरासरी वेग उत्तम दिसतो आणि मध्येच एखादं पाकीट वीस मिलिसेकंद उशिरा येतं. एबीबीच्या माहितीनुसार ईजीएममध्ये रोबो १० ते २० मिलिसेकंद मागे राहतोच. हा उशीर दर वेळी सारखा असेल तर भरून काढता येतो. मागेपुढे होणारा उशीर येत नाही. म्हणून कंट्रोलचा कॉम्प्युटरही नुसत्या विंडोज लॅपटॉपच्या भरवशावर ठेवत नाहीत. लिनक्समध्ये रिअल-टाइमची सोय, प्रीएम्प्ट-आरटी, २०२४ मध्ये ६.१२ पासून मूळ कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आली आहे. तिचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर कशाचे ते विचारा.

पास का जुळत नव्हते तेही मग उलगडलं. साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये वेग किती ते आपण सांगतो, पण वेग पकडायला आणि सोडायला किती वेळ घ्यायचा ते कंट्रोलर ठरवतो. वेग निम्मा केला म्हणून सगळी मूव्ह बरोबर दुपटीने ताणली जात नाही. मधला भाग ताणतो, सुरुवातीचा आणि शेवटचा चढउतार त्या मापात ताणत नाही. आम्ही सरबताचा पास वेगात घेतला आणि रिकाम्या टेबलाचा हळू. रेषा तीच, वेळ वेगळी. एकाच वेगाच्या एका पासला साठवलेली मूव्ह पुरते, ती कोणी साठवलेली मूव्ह म्हणूनच विकली तर तक्रार नाही. इथे ६८९-१ चे पैसे घेतले होते. टीच पेंडंटवर, म्हणजे रोबो चालवायच्या हातातल्या पॅनेलवर, सिस्टिम इन्फोमध्ये बसवलेल्या ऑप्शनची यादी असते. त्यात ६८९-१ नव्हताच.

पैशांपेक्षा जास्त संताप मला पुढच्या गोष्टीचा आहे. कॅमेऱ्याजवळ त्याने लाल इमर्जन्सी बटण बसवून दिलं होतं. तशा बटणाची तार कंट्रोलरच्या सेफ्टी साखळीत जायला हवी, दोन स्वतंत्र चॅनेलने, म्हणजे एक तुटली तरी दुसरी मोटरची वीज तोडते. हे बटण गेलं होतं डब्यातल्या त्या 'स्टॉप' रिलेला. कंट्रोलरमधल्या पॅनेल बोर्डावर बाहेरचं बटण जोडलेलं नसताना साखळी पूर्ण ठेवायला लावायचे जंपर, म्हणजे जोडतारा, जसेच्या तसे होते. प्रोग्रॅम अडकला असता, रिले चिकटला असता, तर ते बटण नुसतं प्लॅस्टिक. कमी वेगाच्या मॅन्युअल मोडमध्ये रोबो २५० मिलिमीटर प्रति सेकंदाच्या वर जात नाही, पण आम्ही शूट ऑटोमध्ये करत होतो, त्याच्या कितीतरी पट वेगात. आमचा फोकस पुलर, म्हणजे लेन्सचा फोकस सांभाळणारा, पोरगेला मुलगा, त्या हाताखाली वाकून लेन्स पुसायचा आणि 'बटण आहे ना' म्हणायचा.

इंटिग्रेटरला फोटो पाठवले. आधी म्हणाला लायसन्स 'प्रोसेसमध्ये' आहे, मग नंबर बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. लॉगिन लागत नाही, कोणीही बघू शकतं. पंधरा अक्षरं, सुरुवातीला महाराष्ट्राचे २७, सगळं खरं. नोंदणी मात्र बिलाच्या तारखेच्या बरीच आधी रद्द झालेली. पोलीस चौकीत पहिलं उत्तर मिळालं, "मॅडम, हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा." वकिलांनी सांगितलं की माल धंद्यासाठी घेतला म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ताही अवघड. बाजू पालटली ती कागदांमुळे. कोटेशनमधली ६८९-१ ची ओळ, पेंडंटवरच्या यादीचा फोटो आणि रद्द नोंदणीवर घेतलेला जीएसटी हे तिन्ही एकत्र ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या ३१८ (४) या फसवणुकीच्या कलमाखाली तक्रार घेतली गेली. माल निकृष्ट निघाला एवढंच म्हणत राहिलो असतो तर घेतली नसती.

तुमच्याकडे असं कोटेशन आलं असेल तर पैसे द्यायच्या आधी तुमच्याच कंट्रोलरच्या पेंडंटवर तो ऑप्शन उमटलेला बघा आणि डेमो तुमच्याच गाळ्यात मागा. मूव्ह चालू असताना तार तुम्ही स्वतः उपसा. खरं काम करणारा माणूस याला हरकत घेत नाही. आम्ही आता ज्यांच्याकडून करून घेतोय त्यांनी आमच्या सांगण्याआधीच तार काढून दाखवली आणि वर हजार पाकिटांमधलं सगळ्यात उशिराचं पाकीट किती उशिरा आलं तो आकडाही दिला. मग तीच मूव्ह पूर्ण वेगात आणि पाव वेगात चालवून दोन्ही पास एकावर एक ठेवले. ग्लासाची कडा एकच दिसली.

आणि ज्यांच्याकडे तसला काळा डबा आधीच बसलाय त्यांनी तक्रार जरूर करा. आमच्या तक्रारीशेजारी दुसरी आली तर 'व्यवहारातला वाद' म्हणून ती बाजूला ठेवणं कठीण जाईल. पण त्याच्याही आधी जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा, वीज बंद करून कंट्रोलरचं दार उघडायला लावा आणि जंपर तपासून घ्या. तोवर त्या हाताखाली कोणालाही उभं करू नका.